समासातील उपनगर

वाङ्मयाचा इतिहास हा बहुधा पुस्तकांच्या जन्माचा इतिहास असतो. कोणती कृती कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाली, तिने कोणते संकेत मोडले, तिच्यावरून कोणते वाद झाले, याच्या नोंदी इतिहासकार साक्षेपाने करतो. त्या कृतीचे पुढे घरोघर काय झाले, ती कोणी, कोठे आणि किती दिवसांत वाचली, हे मात्र या इतिहासाच्या कक्षेबाहेर राहते. वाचकाची प्रतिक्रिया म्हणून जे नमूद होते ते बहुशः समीक्षकाचे मत असते. सामान्य वाचकाने मागे ठेवलेला पुरावा फार क्षीण असतो. पेन्सिलीची एखादी रेघ, दुमडलेला कोपरा, पानांत राहून गेलेले आगगाडीचे तिकीट, एवढाच तो पुरावा. त्यातून मुंबईच्या उपनगरांतील वाचनाविषयी काही हाती लागते काय, हा प्रश्न एका वाचकापुढे गेल्या पावसाळ्यात उभा राहिला. आणि त्याचे निमित्त वाङ्मयीन नव्हते, घर रिकामे करावयाचे होते.

हा वाचक बोरिवलीत राहतो आणि घाटकोपरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. गिरगावातील चाळीची खोली सोडून त्याच्या वडिलांनी बोरिवलीच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत तळमजल्यावर घर घेतले, त्याला आता चाळिसाहून अधिक वर्षे झाली. ती इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाणार आहे. नवे घर मिळेपर्यंतची वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढावयाची, आणि दोन पिढ्यांनी जमविलेली पुस्तके त्या खोल्यांत मावणार नाहीत. ग्रंथालये जागेअभावी जुन्या प्रती सहसा स्वीकारीत नाहीत. रद्दीवाला किलोच्या भावाने घेतो. काय ठेवावे आणि काय द्यावे हे ठरविण्यासाठी प्रत्येक पुस्तक एकदा हाताळणे भाग होते. हाताळता हाताळता वाचन सुरू झाले, आणि कोणत्याही अभ्यासक्रमाने सुचविला नसता अशा क्रमाने भिन्न प्रकृतीची पुस्तके एकामागून एक समोर आली.

वडील आता हयात नाहीत. त्यांची एक सवय होती. पुस्तक संपले की शेवटच्या कोऱ्या पानावर ते पेन्सिलीने तारीख आणि स्थळ लिहीत. स्थळ पुष्कळदा गाडीतलेच असे: ‘मालाड सोडल्यावर’, ‘दादरला गाडी थांबून होती तेव्हा’. अभिप्राय क्वचितच. लहानपणी वाचकाला ही नोंद हिशेबाच्या वहीतल्यासारखी कोरडी वाटे. आता एकेक पान उलटताना त्याच्या ध्यानात आले, की या घरातील मराठी पुस्तकांच्या मुद्रित पानांवर जे बोरिवली-अंधेरी सहसा भेटत नाहीत, ते या शेवटच्या पानांवर आहेत.

उपनगर पुस्तकांत का भेटत नाही याचे पहिले उत्तर भूगोलातच सापडते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे. ते वर्णन मुंबई बेटाचे आहे. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ मध्ये झाला होता, बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ मध्ये धावली होती. तथापि माहीमपलीकडची साष्टी ही ठाणे जिल्ह्यातील शेतीवाडीची भूमी होती. विरारहून मुंबईकडे येणारी लोकलगाडी पुढे १८६७ मध्ये सुरू झाली, उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला आणि १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत महानगरपालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. आजचा बोरिवलीकर माडगावकर वाचतो तेव्हा तो आपल्याच शहराचे वर्णन वाचत आहे असे समजतो. वस्तुतः तो त्या वर्णनाच्या हद्दीबाहेर बसून वाचत असतो. वडिलांच्या पुनर्मुद्रित प्रतीत भुलेश्वर, गिरगाव या नावांखाली रेघा आहेत. ज्या वस्तीतून ते उठून आले तिच्या खुणा ते शोधीत होते.

माडगावकरांच्या शेजारी योगायोगाने ‘महिकावतीची बखर’ होती. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादित केलेल्या या ग्रंथातील प्रकरणे निरनिराळ्या काळांत रचलेली असून सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकातील, केशवाचार्याच्या नावावरचा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही बखर तिच्यातील ‘महाराष्ट्र धर्म’ या शब्दप्रयोगामुळे ठाऊक असते. या वाचकाचे लक्ष मात्र गावांच्या नावांनी वेधून घेतले. मालाड, मरोळ ही नावे तेथे वतनांच्या आणि वादांच्या संदर्भात येतात; त्याला ती रोज स्थानकाच्या फलकावर आणि गाडीतल्या उद्घोषणेत भेटतात. ज्या प्रदेशाला इतिहास नाही असे समजून तेथे घरे घेतली गेली, त्याची नोंद मराठी गद्यात इतकी जुनी असावी, ही गोष्ट त्याला सुखद वाटली आणि काहीशी अस्वस्थही करून गेली. कारण बखरीतील ते साष्टी आणि आजचे उपनगर यांच्यामध्ये, निदान या फडताळात तरी, कोणतेही पुस्तक उभे नव्हते.

फडताळातील मुंबई बहुतांशी चाळीची, गिरणीची आणि नाक्यांची होती. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ची (१९५८) प्रत इतकी हाताळलेली, की तिची बांधणी सुटली आहे. घरातल्या सर्वांनी तिच्यावर हसून घेतले. या खेपेस वाचताना वाचक शेवटच्या ‘एक चिंतन’ या प्रकरणापाशी थांबला. चाळीचे दिवस भरत आल्याची जाणीव तेथे हास्याच्या तळाशी साठून राहिलेली आहे. चाळीच्या एकत्र जीवनाचा हा प्रत्यय ज्यांनी दिला, त्या पु. लं.चे बालपण जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेले, ही गोष्ट चरित्रांत वाचलेली असूनही तिचा अर्थ त्याला आजवर जाणवला नव्हता. चाळीचे चित्र उपनगरात वाढलेल्या लेखणीने रेखाटले. उपनगर स्वतः चित्राबाहेर राहिले. श्री. ना. पेंडसे यांचेही असेच. ‘बेस्ट’मध्ये नोकरी करीत त्यांनी ‘गारंबीचा बापू’ (१९५२) लिहिली ती कोकणची. नोकरीतील मुंबई त्यांनी ‘बेस्ट उपक्रमाची कथा’ (१९७२) या ग्रंथात मांडली. परंतु मराठी वाचकाच्या मनात ते राहिले गारंबीचे. लेखक जेथे राहतो तेथले लिहीत नाही, जेथून निघाला तेथले लिहितो, असा सरसकट नियम अर्थातच करता येणार नाही. मधु मंगेश कर्णिकांनी ‘माहीमची खाडी’ (१९६९) लिहिताना झोपडपट्टीचे वर्तमानच कादंबरीत आणले. तरीही वडिलांच्या पिढीतील वाचकाला आपले नवे घर पुस्तकात दिसावे अशी अपेक्षा नव्हती. त्याला सोडलेले घर हवे होते.

याच फडताळात वर्तमानपत्राच्या कागदाचे वेष्टन घातलेले एक पुस्तक निघाले. आत भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) होती. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर केलेला हल्ला सर्वज्ञात आहे. वेष्टन कोणासाठी घातले असावे हे सांगावयास नको. शेवटच्या पानावर तारीख नाही, स्थळही नाही. सगळ्या नोंदींमध्ये ही एकच अनुपस्थिती वाचकाला हसवून गेली. ज्या वाचनाची कबुली द्यावयाची नाही, ते वाचनही अभिरुचीच्या इतिहासात धरावे लागते.

‘बलुतं’ची गोष्ट निराळी. दया पवार यांचे हे आत्मकथन १९७८ मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. वाचक चळवळ म्हणून उभ्या राहिलेल्या या संस्थेने जी पुस्तके मध्यमवर्गीय घरांत पोचविली त्यांत त्याचे स्थान अग्रक्रमाचे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो, या रचनेमुळे त्यात बोलणारा आणि ऐकणारा एकाच देहात समोरासमोर बसलेले असतात. वडिलांच्या प्रतीत समास पूर्णपणे कोरे आहेत. ‘बटाट्याची चाळ’मध्ये जागोजागी खुणा करणारी पेन्सिल येथे एकदाही टेकलेली नाही. आरंभीची आणि अखेरची अशा दोन तारखा मात्र आहेत, आणि त्यांत केवळ दोन दिवसांचे अंतर आहे. इतर पुस्तकांना त्यांना पंधरवडा, कधी महिनाही लागे, कारण वाचन गाडीतले होते. म्हणजे हे पुस्तक घरी, रात्री जागून वाचले असले पाहिजे. स्थळ लिहिले आहे: ‘घरी’. कावाखान्यातील ज्या मुंबईचे चित्र दया पवार उभे करतात, ती गिरगावच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. ती त्यांना बोरिवलीला आल्यावर, एका पुस्तकातून भेटली. त्या कोऱ्या समासाचा अर्थ लावण्याचा मोह वाचकाने आवरला. तो अपराधभाव असेल, अवाक होणे असेल, किंवा आपल्या पेन्सिलीला येथे अधिकार नाही ही जाणीव असेल. मौनावर आपली इच्छा लादणे हे समीक्षेत जितके गैर, तितकेच आपल्या माणसाच्या बाबतीतही गैर, असे त्याला वाटले.

पुस्तकांच्या खालच्या दोन रांगा फुगलेल्या आणि पिवळ्या डागांच्या आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी आणि दहिसर या नद्यांच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या या घरातही ते आले. पुढचे कित्येक दिवस वडील पंख्याखाली पुस्तके उभी करून, पानांत पावडर भुरभुरवून ती वाळवीत बसले. त्या पाण्याने एक निवडही केली. शाईने लिहिलेल्या अर्पणाच्या ओळी, भेट देणाऱ्यांची नावे, सारे निळे डाग होऊन पसरले. पेन्सिलीच्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. अरुण कोलटकर यांची ‘भिजकी वही’ (२००३) त्या वेळी घरात नवी होती आणि वरच्या फळीवर कोरडी राहिली होती. देशोदेशींच्या आणि युगायुगांच्या स्त्रियांचे अश्रू एकत्र आणणारा तो संग्रह वाचकाने त्याच महिन्यात, ओल्या पुस्तकांच्या वासात वाचला. एरवी ज्या कविता त्याला विद्वत्तेच्या ओझ्याने दुरावल्या असत्या, त्या तेव्हा जवळच्या झाल्या. संहिता तीच असते. ती कोणत्या खोलीत उघडली गेली यावर तिचे पुष्कळ काही अवलंबून असते.

शेवटी वाचकाची स्वतःची पुस्तके उरली. त्यांत उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) आहे. रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर चढून-उतरून जाणाऱ्या बायकांपासून सुरू होणारे हे आत्मकथन पुढे मुंबईत, नोकरी आणि संसार सांभाळीत लिहू पाहणाऱ्या स्त्रीपर्यंत येते. आईचे बांबूचे विणकाम आणि आपले लेखन यांची वीण एकच, ही त्यामागची धारणा आहे. वर्गात शिकविताना त्याची प्रत अनेक हातांतून फिरली आणि तिचे समास भरून गेले. कोकणी बोलीतील शब्दांचे अर्थ, ‘महत्त्वाचे’ अशी खूण, गुणांचा आकडा, आणि एका ठिकाणी, आईच्या कष्टांच्या वर्णनाशेजारी, कोण्या विद्यार्थिनीच्या अक्षरात एवढेच: ‘माझी आजी पण.’ घाटकोपरच्या त्या वर्गात पंतनगरमधून, रमाबाई आंबेडकर नगरमधून येणारी मुले-मुली असतात. ‘बलुतं’च्या समासात जे मौन होते, त्याच्या जागी पंचवीस-तीस वर्षांनंतर दुसऱ्या कोणाचा हक्काचा शब्द आला. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावरच हे दिसते. कोणत्याही एका पुस्तकात ते छापलेले नाही.

येथे वाचकाचा मूळ प्रश्न सुटला नाही, परंतु त्याचे रूप पालटले. उपनगर हे गिरगावातून, लालबागेतून, कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून आलेल्यांना एका जिन्यावर आणणारे ठिकाण आहे. जे अनुभव मूळ स्थळी एकमेकांना शिवले नसते, ते येथे शेजारी राहतात. त्याच्या फडताळानेही तेच केलेले आहे. मराठी उपनगराने आपली कादंबरी किती लिहिली हे अभ्यासकांनी ठरवावे; त्याने इतरांच्या कादंबऱ्या, कविता आणि आत्मकथने एकत्र ठेवून वाचली, एवढे मात्र निःसंशय आहे. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचे किंवा मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय हे याच शेजारधर्माचे सार्वजनिक रूप होय.

हे वाचन यापुढे कोणत्या रीतीने चालेल हे सांगणे अवघड आहे. २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली. दादरला गाडी बदलून होणारा वाचकाचा प्रवास आखूड झाला आणि त्याबरोबर रोजची पाऊणएक तासाची कादंबरीही गेली. अंधेरी ते घाटकोपर या अंतरात एखादी कविता मावते. डब्यात सर्वांच्या हाती पडदा असतो, त्यावर मराठीही वाचले जात असेल. त्या वाचनाला समास नसतो, म्हणून ते हीन ठरत नाही. पण त्याचा माग पुढच्या पिढीला लागणार नाही, एवढे खरे.

पुस्तके निवडण्याची जी कसोटी वाचकाने अखेर लावली ती त्याच्या व्यवसायाला शोभणारी नव्हती. ज्यांची नवी आवृत्ती केव्हाही विकत मिळेल अशा स्वच्छ, अभिजात ग्रंथांचे गठ्ठे त्याने विद्यार्थ्यांना वाटून टाकले. ठेवली ती फुगलेली, बांधणी सुटलेली, पेन्सिल लागलेली. ‘बलुतं’ची कोऱ्या समासांची प्रत आणि ‘आयदान’ची भरलेली प्रत त्याने एकाच खोक्यात बांधली. ‘वासूनाका’चे वेष्टन काढले नाही.