तक्रार कुणाची करायची?

फौजेत 'तक्रार' हा शब्द जरा अडचणीचाच आहे. खडकवासल्याला प्रबोधिनीत पहिल्या सत्रात जे हाडात मुरतं ते हेच, की कारणं सांगायची नाहीत. सायकल पंक्चर झाली? खांद्यावर घे आणि पळ. फॉल-इनला अर्धा मिनिट उशीर झाला? रगडा खा आणि मोकळा हो. पंक्चर कशी झाली हे ऐकण्यात कुणालाही रस नसतो. अठराव्या वर्षी अंगात भिनलेली ही सवय चाळिशी उलटली तरी जात नाही. हॉटेलात गार चहा आला तर मी मुकाट्याने पिऊन टाकतो. बायको म्हणते, "पाचशे-सातशे माणसांना हुकूम देता आणि एका वेटरला बोलता येत नाही!"

पण त्याच फौजेचा कायदा उघडून पाहा. १९५०च्या आर्मी ॲक्टचं कलम २६ जवानाला आणि कलम २७ अधिकाऱ्याला अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देतं. आणि त्याच कायद्याचं कलम ५६ जाणूनबुजून खोटा आरोप करणाऱ्याला शिक्षा सांगतं. म्हणजे तक्रार करायला बंदी नाही. फक्त ती आपली स्वतःची हवी, खरी हवी आणि ठरलेल्या मार्गाने वर जायला हवी. पंचवीस जणांच्या सह्या गोळा करून दबाव आणलेला फौजेत चालत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यातला एक बस प्रवास.

मी उत्तरेतल्या एका डोंगराळ भागात होतो. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असं कुठेही घडू शकतं. पुण्याला वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून रजा घेतली होती. रजेवर जाताना युनिटची गाडी वापरायची नाही हा माझा जुना नियम. दुपारी एकची सरकारी बस पकडली. ती सहाला खाली मैदानातल्या रेल्वे जंक्शनला पोचणार होती आणि माझी गाडी होती आठ चाळीसची. अडीच तासांपेक्षा जास्त वेळ हाताशी ठेवला होता.

शेजारच्या सीटवर एक तरुण बसला होता. फौजी आहे हे केसांवरून आणि मांडीवरच्या पिट्टूवरून कळत होतं. मी फोनवर आईशी बोललो, तेव्हा त्याने मान वळवली. "साहेब, तुम्ही मराठी?" माण तालुक्यातला निघाला. दुसऱ्या रेजिमेंटचा नाईक. मी कोण हे कळल्यावर बसल्या जागी ताठ झाला. त्याला सैल व्हायला अर्धा तास लागला.

"किती दिवसांची रजा?"

"वीस, सर. चार येण्या-जाण्यात जातात. परवा बहिणीचा साखरपुडा आहे."

साडेतीनच्या सुमाराला बस थांबली. पुढे पूल होता आणि पुलावर आडवा बांबू. दुरुस्तीसाठी पूल आदल्या रात्रीपासून बंद होता. तिथला चौकीदार म्हणाला, सकाळपासून सगळ्या बस खालच्या फाट्यावरून दुसऱ्या रस्त्याने जात आहेत. हीच एक इथवर कशी आली? कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "सुबह की पाली को बताया था साहब, हमें किसी ने नहीं बोला।" चालक बदलीवरचा होता. दुसऱ्या मार्गावरची फेरी संपवून आला आणि याच्यावर बसवला गेला.

दरीच्या कडेला, एका बाजूला कातळ असलेल्या रस्त्यावर त्याने ती लांबलचक बस वळवली. मी खाली उतरून पाहत होतो. आमच्या एमटी प्लाटूनमधले मुरलेले चालकही तिथे दोनदा विचार करतील. मग बावीस किलोमीटर मागे, फाट्यावरून गावागावांतून जाणारा लांबचा रस्ता, आणि खाली उतरल्यावर जानेवारीचं धुकं. जंक्शनला पोचलो तेव्हा नऊ वीस झाले होते. गाडी पंधरा मिनिटं उशिरा सुटली होती, पण सुटली होती.

शेवटचे दोन तास बसमध्ये चालकाचा उद्धार चालू होता. कुणी त्याचा फोटो काढला, कुणी नाव विचारून घेतलं. उतरताना कंडक्टर माझ्याजवळ आला. एव्हाना मी फौजी अफसर आहे हे त्याला कळलं होतं. "साहब, आप मत लिखना। आपका लिखा सीधा ऊपर जाता है। ड्राइवर ठेके पे है, दो शिकायत में घर भेज देते हैं।"

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की जाऊ दे. माणूस दमलेला होता, त्याने सगळ्यांना सुखरूप आणलं. तीन तासांनी काय आभाळ कोसळतं? फोन काढला आणि दहा मिनिटांत सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. ऑपरेशनच्या आधी मी पुण्यात पोचणार होतो.

नाईक मात्र एमसीओच्या खिडकीशी उभा होता. तिथल्या हवालदाराने बरीच खटपट केली, पण जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या गाडीत. म्हणजे साखरपुडा झाल्यावर हा घरी पोचणार. मी म्हटलं, "माझ्याबरोबर विमानाने चल. तिकिटाचं मी बघतो." तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, तेव्हा संकोचून म्हणाला, "सर, आज तुम्ही भेटलात. पण दरवेळी कोण भेटणार?"

मग मी आग्रह केला नाही. पण त्याच्या त्या वाक्याने माझं 'जाऊ दे' माझ्याच घशात अडकलं. मला क्षमा करणं सोपं जात होतं, कारण माझ्याकडे विमानाचे पैसे होते. गमावलं होतं त्याने, आणि उदार व्हायला निघालो होतो मी. त्याच बसमध्ये परीक्षेला निघालेली दोन मुलं होती, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी होती. त्यांचा वेळ माफ करून टाकायचा अधिकार मला कुणी दिला होता?

फौजी माणसाला उशीर म्हणजे काय, हे माजी सैनिकांना सांगायला नको. आर्मी ॲक्टच्या कलम ३९प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय रजा संपल्यावरही बाहेर राहणं हा गुन्हा आहे. त्यातले 'पुरेशा कारणाशिवाय' हे शब्द महत्त्वाचे. हाच पूल रजेवरून परतताना आडवा आला असता, तर त्या पोराला सुभेदार साहेबांपुढे उभं राहून पुलाची गोष्ट सांगावी लागली असती, आणि हातात कागद नसता तर ती गोष्ट म्हणजे नुसती गोष्ट.

दुसऱ्या बाजूला कंडक्टरचं म्हणणंही खोटं नव्हतं. तक्रार उतरणीवरून येणाऱ्या पाण्यासारखी असते, सगळ्यात खाली जो उभा असतो त्याच्या पायाशी येऊन साचते. पूल बंद झाल्याचा निरोप सकाळच्या पाळीने दुपारच्या पाळीला दिला नाही. यात बदलीवरच्या चालकाचा काय दोष?

मी द्रासला असतानाची एक गोष्ट इथे सांगतो. जोझिलासारख्या घाटात वाहनं वेळेच्या हिशेबाने आणि बहुतेकदा एकाच दिशेने सोडतात. रस्ता बंद झाला की निरोप एका ट्रॅफिक चौकीवरून दुसऱ्या चौकीवर जातो. प्रत्येक चौकी निरोपाची वेळ, देणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव वहीत लिहिते. पहारा बदलताना नवा माणूस ती वही वाचून सही करतो. यात हुशारीचं काही नाही. चार आण्याची वही आणि रोजची शिस्त. पण त्या वहीमुळे काफिला बंद रस्त्यावर जाऊन अडकत नाही, आणि अडकलाच तर निरोप कुठे तुटला हे पाच मिनिटांत कळतं. त्या डेपोत नेमकी हीच वही नव्हती.

मग मी लिहायचं ठरवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातलं एक पत्र तेव्हा आठवलं. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने ते साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला पाठवलं होतं. अहमदपूर स्टेशनवर फणस बाधला म्हणून हे गृहस्थ गाडीतून उतरले, आणि गार्डाने शिट्टी मारून गाडी सोडून दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर सावरत ते धावले आणि साऱ्या फलाटासमोर पडले. मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं ते पत्र लोक हसत हसत वाचतात. सेनबाबूंची मागणी होती की गार्डाला जबर दंड करा, नाहीतर वर्तमानपत्रांना कळवतो. त्या गार्डाचं पुढे काय झालं ते आज कुणी विचारत नाही. या पत्रानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालयं आली असं मात्र सांगितलं जातं. प्रश्न गार्डाचा नव्हताच, डब्याचा होता.

माझं पत्र एका पानाचं होतं. तारीख, बस सुटण्याची वेळ, तिकिटाचा क्रमांक, पूल कधीपासून बंद, बस तिथे किती वाजता पोचली, जंक्शनला किती वाजता. मग एक परिच्छेद चालकाबद्दल, की त्याला सूचना मिळालेली नव्हती आणि त्याने अवघड जागी गाडी वळवून, धुक्यातून सगळ्यांना सुखरूप आणलं, त्याची नोंद घ्यावी. शेवटी एकच मागणी. रस्ता बंद असल्याच्या सूचनांची वही ठेवा आणि गाडी सुटण्याआधी चालकाची तीत सही घ्या. नावाआधी हुद्दा लिहिला नाही. प्रवासी म्हणून लिहिलं, कारण त्या बसमध्ये मी प्रवासीच होतो.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि 'संबंधित चालकाला समज देण्यात आली आहे'.

एवढं स्पष्ट लिहूनही पाणी उतरणीलाच गेलं होतं. त्या रात्री मी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्याची प्रत जोडली, चालकाबद्दलच्या परिच्छेदाखाली रेघ ओढली, आणि विचारलं की ज्याला निरोपच मिळाला नव्हता त्याला समज कशाबद्दल दिली? ती मागे घेतल्याचं लेखी कळवावं. आणि वहीचं काय झालं?

दहा-बारा दिवसांनी डेपोतून फोन आला. बोलणारे गृहस्थ आधी घुश्शात होते, मग हळूहळू मोकळे झाले. माणसं कमी, पाळ्या ओढून ताणून भरायच्या, वरून फोन येतो तो ज्याने उचलला त्याच्याच डोक्यात राहतो, असं बरंच बोलले. समज रद्द करतो म्हणाले. आठवडाभराने तसा कागदही आला. वहीबद्दल 'बघतो' म्हणाले. त्यानंतर माझी बदली झाली, त्यामुळे ती वही सुरू झाली की नाही हे मला सांगता येणार नाही.

नाईकाला मी तो कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याचं उत्तर आलं, "चांगलं झालं सर. ड्रायव्हर चांगला होता." साखरपुड्याचे फोटोही पाठवले. त्यात अर्थातच तो नव्हता.

उशिराला कायद्याच्या लेखी किंमत नाही असं समजू नका. २०१६ साली अजमेरहून जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोचली, एका कुटुंबाचं पुढचं विमान चुकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेला दाखवून देता आलं नाही, तर भरपाई द्यावी लागेल. म्हणजे 'का' याचं उत्तर सेवा देणाऱ्याने द्यायचं. आपण फक्त 'काय झालं' ते नीट सांगायचं.

म्हणून रजेवर येणाऱ्या-जाणाऱ्या माझ्या जवान भावांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तिकीट फाडू नका. उशीर झाला तर स्टेशन मास्तर, डेपो किंवा एमसीओकडून दोन ओळी लिहून घ्या आणि युनिटला त्याच वेळी फोन करा. रेल्वेसाठी १३९ हा क्रमांक आहे. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर ठरलेल्या वेळेत अर्ज केल्यास पूर्ण भाडं परत मिळतं. आपल्या एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाकडे तक्रार पुस्तक मागा. ते मागायला लाजू नका आणि मागताना आवाजही चढवू नका.

आणि लिहाल तेव्हा जे पाहिलं तेवढंच लिहा. समोरच्या माणसाने काही चांगलं केलं असेल तर तेही त्याच कागदावर लिहा, कारण वर बसलेल्याला ते दुसरं कुणी सांगणार नाही. उत्तर आलं की ते नीट वाचा. चुकीच्या माणसाच्या डोक्यावर खापर फुटलेलं दिसलं, तर आपलं काम अजून संपलेलं नाही असं समजून दुसरा कागद घ्या.