न सांगितलेला दोष

नेवासा तालुक्यातील आमच्या घोडेगावात जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. लांबलांबच्या म्हशी उतरतात, रुमालाखाली बोटे धरून सौदे होतात आणि त्याच दुपारी जुम्याची अजान होते. कुरआनच्या ६२ व्या सूरहमध्ये, अल-जुमुआत, आदेश आहे की हाक आली की खरेदी-विक्री सोडावी आणि नमाज झाल्यावर पुन्हा अल्लाहची कृपा शोधायला निघावे. म्हणजे बाजार दीनच्या बाहेर नाही. मशिदीत अल्लाहपुढे उभा राहिलेला माणूस बाजारात वेगळा होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आम्ही एक म्हैस विकायला काढली. दिसायला देखणी, पण दगडी होऊन तिचा एक सड निकामी झालेला. ओळखीच्या एका दलालाने सल्ला दिला, "दोन वेळा धार काढू नका, कास तटतटून येईल. पारखून घेणं गिऱ्हाइकाचं काम." रात्री घरात चर्चा झाली. धाकटा म्हणाला, "अब्बा, आपण खोटं कुठं बोलतोय? फक्त गप्प राहायचं."

नेमके याच गप्प राहण्याबद्दल प्रेषितांनी (स.) सावध केले आहे. विकण्यापूर्वी जनावराची धार रोखून कास भरलेली दाखवण्यास त्यांनी मनाई केली आणि असे जनावर परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला दिला. एकदा त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. त्या विक्रेत्याने तोंडाने खोटे सांगितले नव्हते. ओल फक्त खाली ठेवली होती. कांद्याच्या गोणीत वर मोठा माल आणि तळाला गोल्टी भरणे याहून वेगळे काय आहे?

सकाळी नेहमीप्रमाणे धार काढूनच म्हैस बाजारात नेली. एका शेतकऱ्याला ती पसंत पडली. आम्ही आधीच सांगितले, "काका, तीनच सड चालतात." भाव सात हजारांनी उतरला. फी दोन हप्त्यांत भरावी लागली आणि तो महिना ओढाताणीत गेला. खरे बोललो म्हणून दुप्पट मिळाले, अशी गोष्ट आमच्याकडे नाही.

विकणारा आणि घेणारा खरे बोलले, दोष उघड केला तर सौद्यात बरकत येते. लपवला तर ती पुसली जाते, अशी हदीस आहे. बरकत म्हणजे जादा रक्कमच असे नाही. मुलीच्या फीमध्ये कुणाचा तळतळाट नव्हता, हीही बरकतच.

म्हणून सौद्याआधी स्वतःला विचारावे, घेणाऱ्याच्या नजरेस काय पडू नये असे आपल्याला वाटते? तेच प्रथम सांगावे. आणि जुम्याच्या दिवशी मुलांना सोबत न्यावे. नमाजला न्यावे, तसे सौद्यालाही.