दयाळाचे घर

गेली २० वर्षे मी वर्गात चातक, चकोर आणि कोकिळा शिकवीत आलो आहे. पण खऱ्या पाखराने माझी परीक्षा घेतली ती काटोलला, आणि तीत मी साफ नापास झालो!

वैशाखाच्या सुट्टीत नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने मामांकडे गेलो होतो. जाम नदीच्या काठचे काटोल म्हणजे संत्र्यांचे गाव. बगीच्यातच बाज टाकून झोपलो होतो. पहाटे लांबलचक, लाडिक शीळ कानी आली.

"बुलबुल दिसतो!" मी म्हणालो.

मामा हसले. "काहून गा मास्तर, तुमच्या कालेजात पाखरं नाही शिकवत काय? दयाळ होय तो."

शेंड्यावर तो बसला होता. पाठ काळी तुकतुकीत, पोट पांढरे, शेपूट उभारलेली. मादी करड्या रंगाची. जुन्या आंब्याच्या ढोलीत त्यांचा संसार होता. घराभोवतालच्या बागा, राया, विरळ झाडी हेच या पक्ष्याचे माहेर. बांगलादेशाने तर त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे. गोड गळ्यापायी लोक त्याला पिंजऱ्यात कोंडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई केली.

पण त्या दिवशी कायदा कामाचा नव्हता. आंब्याच्या सावलीत चार संत्री वाढत नव्हती. मामेभावाने आंबा तोडायला माणूस सांगितला होता. बरे, त्याचे तरी काय चुकले? घर बगीच्यावरच चालते.

मी त्याला चहा घेऊन ढोलीसमोर बसवले. आंबिया बहाराच्या झाडांना पाणी सुरू होते. नर-मादी त्या ओल्या आळ्यांत उतरत, पाचोळा चाळवीत, आणि चोचीत नाकतोडा, किडा, अळी घेऊन ढोलीत शिरत. चहा निवला, खेपा मोजता मोजता माझी बोटे संपली. एकदा चोचीत हिरवी अळी दिसली.

"ही तर संत्र्याची कोवळी पानं खाते, दादा!" मामेभाऊ म्हणाला. हिच्यासाठीच तो फवारणीचे पंप मारीत असे. दयाळ काही त्याच्या शत्रूच तेवढे निवडून खात नव्हता. पण फुकटचा गडी होता खरा.

"पिल्लं उडेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. पिल्ले दोनेक आठवड्यांत उडाली.

दिवाळीला पुन्हा गेलो. संत्र्यांवरची मोठी फांदी छाटलेली होती. ढोलीचे खोड मात्र जागच्या जागी होते. दयाळ त्या दिवसांत फारसा गात नाही. तरीही पहाटे मी कान देऊन पडून राहिलो.