स्वच्छ दिसणारे पाणी

बँकेत 36 वर्षे इतरांचे हिशेब तपासण्यात गेली. स्वतःच्या हातून झालेली एक चूक मात्र निवृत्तीनंतर दिवाणखान्यातील दोन फुटी काचेच्या टाकीने दाखवून दिली.

नातवाला वाढदिवसानिमित्त कोणीतरी सहा गोल्डफिश भेट दिले. जीव कोंडून ठेवणे मनाला पटत नव्हते. पण आलेल्या जिवांना टाकावे तरी कोठे? ओढ्यात सोडणे म्हणजे त्यांचे आणि तेथील माशांचेही अहित. म्हणून ठेवून घेतले. पाणी गाळून वापरण्याचा संस्कार लहानपणापासूनचा. तेव्हा स्वच्छतेत उणे पडणार नाही, असा अभिमान होता. आठव्या दिवशी पाणी किंचित गढूळ दिसताच मी टाकी पूर्ण रिकामी केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि नळाचेच ताजे पाणी भरले. पाणी स्फटिकासारखे झाले. दोन दिवसांत चार मासे गेले.

“आजोबा, आपण तर पाणी स्वच्छ केलं होतं ना?” नातवाच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते शोधण्यासाठी झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात गेलो. 1958 साली स्थापन झालेले हे केंद्र मत्स्यालयामुळे आणि देवमाशाच्या सांगाड्यामुळे रत्नागिरीकरांच्या परिचयाचे आहे. तेथे एका जाणकारांनी उलगडा केला. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य कुजूनही तो वाढतो. डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य असे नायट्रेट करतात. ही वस्ती स्पंजवर आणि वाळूत रुजते. तिला चार ते सहा आठवडे लागतात. रुजू लागलेली ती वस्ती मी क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊन टाकली होती. त्याच क्लोरीनने माशांचे कल्लेही पोळले असणार. सूक्ष्म जीवांविषयी आयुष्यभर ऐकले होते. मोठे जीव त्यांच्याच श्रमावर तगतात, हे मात्र तेव्हा उमगले.

आता टेस्ट किट आणि एक वही टाकीशेजारी असते. दर रविवारी परीक्षानळीतील पाण्यात थेंब टाकून रंग ताडून पाहतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 40 पीपीएमच्या आत, असा ताळा जुळला पाहिजे. पाणी विहिरीचे घेतो. त्यात क्लोरीन नाही. पण जांभ्यातून झिरपलेले ते पाणी मृदू असल्याने सामू घसरण्याचा संभव असतो, म्हणून त्याचीही नोंद ठेवतो. आठवड्यातून केवळ एक चतुर्थांश पाणी बदलतो, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळतो आणि खाद्य बेताने घालतो.

उरलेले दोघे तीन वर्षांचे सोबती झाले आहेत. टाकी ओकीबोकी दिसते, आणखी मासे आणा, असे पाहुणे सुचवतात. नवे आणायचे नाहीत, हे आम्ही ठरवले आहे. या दोघांचे आयुष्य पूर्ण झाले की टाकीही काढून टाकू. तोवर रविवारची नोंद चुकवायची नाही. हल्ली ती नातूच लिहितो. मी फक्त तपासून सही करतो.