तोडायचं काय, राखायचं काय

वीज आली की लोक दिव्याकडे बघतात. मला लहानपणापासून खटक्याची ओढ. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दारामागे लाकडी फळी होती. तिच्यावर मीटर, लोखंडी पेटीतला मेन स्वीच आणि पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज. सुट्टीत कोकणात निघायच्या दिवशी सामान बाहेर गेलं, की वडील सगळ्यांत शेवटी त्या पेटीची दांडी खाली ओढत. खट्ट आवाज होई आणि घर अंधारात जाई. जिन्यावरचा दिवा मात्र जळत राही. जिना सगळ्या बिऱ्हाडांचा, मीटर आमचं. म्हणून वडिलांनी वायरमनकडून मेन स्वीचच्या आधीच्या बाजूनेच त्या दिव्याची वेगळी तार काढून घेतली होती, स्वतंत्र फ्यूज घालून. ‘‘आपण गावाला गेलो म्हणून वरच्या आजींनी अंधारात उतरायचं का?’’ एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

पुढे हाच खटका माझं पोट झाला. वडोदऱ्यात ते नवल नाही. सयाजीरावांच्या काळात, 1890 साली इथे कलाभवन उघडलं आणि हाताने काम करण्याची विद्या शहरात रुजली. 1943 साली ‘ज्योती’ कंपनी निघाली, 1974 साली विजेच्या उपकरणांची कसोटी घेणारी ‘एर्डा’ ही संस्था उभी राहिली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत स्वीचगिअर हा शब्द पोराटोरांनाही ठाऊक असतो. तिथल्याच एका कारखान्यात मी वीज जोडणारी आणि तोडणारी यंत्रं जुळवत आलो.

तिथे पहिली गोष्ट कळली ती ही, की जोडणं सोपं असतं, खरं कसब तोडण्यात आहे. वाहता प्रवाह तोडायला संपर्काचे दोन तुकडे दूर केले, तरी मधल्या हवेतून तो ठिणगीच्या कमानीने धावत राहतो. घरातली वीज दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. त्या क्षणी कमान विझायला संधी मिळते. बॅटरीच्या एकदिश प्रवाहाला असा शून्याचा क्षणच नाही. त्यामुळे घरच्या विजेसाठी बनलेला स्वीच बॅटरीच्या कामाला चालेलच असं धरता येत नाही. तो एकदिश प्रवाहासाठी किती व्होल्ट आणि किती अँपिअरचा आहे, हे वेगळं पाहावं लागतं.

2024 हे वर्ष या शहराने पाण्याच्या धाकात काढलं. 18 जानेवारीला हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीची बोट उलटली आणि बारा शाळकरी मुलं व दोन शिक्षिका गेल्या. त्या अपघाताचा बॅटरीशी संबंध नव्हता. पण त्यानंतर कुठल्याही नावेत पाय ठेवताना तिच्यात काय धड आहे आणि काय नाही, हे तपासल्याशिवाय मला राहवत नाही. ऑगस्टमध्ये विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर चढली. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा घरोघर जाऊन मेन स्वीच पाडायला सांगत मी फिरलो. भिजलेल्या प्लगपेक्षा अंधार बरा.

त्या हिवाळ्यात चांदोदच्या एका नाविकाने निरोप धाडला. चांदोदला नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांचा संगम मानतात. श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला, कर्नाळीच्या कुबेराच्या दर्शनाला तिथून नावा सुटतात. नदीच्या वरच्या अंगाला गरुडेश्वर, टेंबे स्वामींचं समाधिस्थान. त्यामुळे त्या घाटांवर नर्मदा परिक्रमेच्या झोळ्या आणि मराठी बोलणं कायमच दिसतं, ऐकू येतं. नाविकाच्या डिझेल इंजिनाला स्टार्टर होता आणि एकच बॅटरी. तिच्यावरच दिवा, भोंगा, मोबाइलचा चार्जर, सगळं. ती उतरली की प्रवासी भरलेली नाव जागच्या जागी थांबे. त्याने घरातला जुना 32 अँपिअरचा मेन स्वीच आणला होता. ‘‘काका, हाच बसवून टाका ना.’’

मी त्याला स्टार्टरचा हिशेब सांगितला. इंजिन फिरवताना तो दोनशे अँपिअरसुद्धा ओढतो. जाता-येता मिळून चार मीटर तार धरली आणि ती 10 चौरस मिलिमीटरची असली, तर तारेतच जवळपास 1.4 व्होल्ट मरतात. 35 ची घातली तर 0.4. बारा व्होल्टांत हा फरक इंजिन लागण्या-न लागण्याचा असतो. म्हणून जाड तार, कथील चढवलेल्या तांब्याची, टोकाला दाबून बसवलेले लग आणि वर नळी आकसवून बंद केलेलं तोंड. नदीचा दमटपणा उघड्या तांब्याला सोडत नाही.

बॅटऱ्या दोन केल्या. एक इंजिनापुरती, दुसरी बाकीच्या कामांची. मध्ये चार जागांचा स्वीच: एक, दोन, दोन्ही आणि बंद. काम सुरू करताना आधी ऋण टोक सोडवलं. धन टोकाला लावलेला पाना इंजिनाला टेकला तर लोखंड लाल होईल एवढा प्रवाह धावतो. ऋण आधी सुटलेलं असेल तर काहीच होत नाही. जोडताना ते शेवटी. स्वीच बॅटरीच्या पेटीत न ठेवता बाहेर, पण जवळ बसवला, कारण चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याला पुरते. नाविकाला बजावून सांगितलं, की इंजिन चालू असताना दांडी ‘बंद’वर न्यायची नाही. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा दाब उसळतो आणि आतले डायोड जळतात.

मग तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाची पाळी आली. तो कुठल्या बाजूला जोडायचा, हे ठरवताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्याची तार स्वीचच्या आधीच्या बाजूने घेतली, बॅटरीजवळच वेगळा फ्यूज घालून. रात्री नावेवर माणूस नसतं. स्वीच बंद असतो. फटीतून शिरणारं पाणी मात्र थांबत नाही, तेव्हा पंप जागा पाहिजे. तार आवळताना वडिलांचं म्हणणं मला नव्याने कळलं. खटका पाडायच्या आधी त्यामागे कोण अंधारात राहील, कोण बुडेल, हे मोजून ठेवायचं असतं. त्यांनी ते वाड्यातल्या आजींसाठी मोजलं होतं.

आयुष्यात माणसं रागाने, घाईने, कधी नाइलाजाने पुष्कळ काही तोडतात. तोडावं लागतंच, पूर आल्यावर मेन स्वीच न पाडणारा घराचा घात करतो. पण काय तुटणार नाही, हे शांत असताना ठरवून त्याची तार आधीच वेगळी काढून ठेवणं, हे मला सगळ्यांत मोठं शहाणपण वाटतं. ऐन वेळी, अंधारात, ते सुचत नाही.

नावेत बसणाऱ्या परिक्रमावासींना यातलं काही माहीत असायची गरज नाही. नाव चालवणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं. म्हणून चांदोदला गेलो की नाव सुटायच्या आधी मी नाविकाच्या मुलाला डोळे मिटायला लावतो आणि नुसत्या हाताने स्वीच शोधायला सांगतो. तो सापडला आणि पंपाचा फ्यूज कुठे आहे तेही त्याने बरोबर सांगितलं, की मगच आम्ही दोर सोडतो.