पोळीचा फॉर्म

परवा घराच्या विम्याचे कागद शोधत होतो. ते मिळाले नाहीतच (आमच्याकडे आज शोधलेलं आज मिळत नाही, मागच्या वर्षी शोधलेलं मिळतं), पण निळ्या फायलीत एक पिवळट पडलेली झेरॉक्स हाताला लागली. दोन पानी फॉर्म. वर शेल्टरचा शिक्का, खाली माझी सही आणि तारीख १७ जानेवारी २०१०.

पोळीचा फॉर्म!

नातेवाईक मंडळींना पोळी माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. पोळी म्हणजे आमची कुत्री. अस्सल गावठी. संक्रांतीनंतरच्या रविवारी घरी आली. रंग थेट गुळपोळीचा, आणि पाठीवर तव्यावर जरा जास्त भाजल्यासारखे दोन काळपट डाग. लेक तेव्हा सहा वर्षांची होती, तिने बघताक्षणी नाव ठेवून टाकलं. पुढे जवळजवळ चौदा वर्षं आमच्या घरात "पोळीला पोळी घातली का?" असे प्रश्न विचारले जायचे आणि पाहुणे चमकून बघायचे.

खरं तर आम्ही गेलो होतो पिल्लू आणायला. सगळेच पिल्लू आणायला जातात. पिल्लं पटापट जातात आणि मोठी कुत्री तशीच राहतात, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. फिनेलचा वास, एकाने भुंकायला सुरुवात केली की शंभर जणांचा कोरस, जाळीतून बाहेर आलेली नाकं... लेक माझ्या पायाला चिकटून चालत होती. प्रत्येक पिंजऱ्यातलं कुत्रं आमच्याकडे धावत येत होतं. एकटी ती आली नाही. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि बाहेरच्या गेटकडे बघत होती.

तिथल्या ताईंनी सांगितलं, "दोन महिने झाले, ही अशीच बसते." एका सकाळी ती गेटला बांधलेली सापडली. गळ्यात नवाकोरा लाल पट्टा. वॉचमनने एक गाडी जाताना पाहिली, तेवढंच. वय अंदाजे दोन वर्षं. शेल्टरमध्ये नसबंदी झाली होती, त्याची खूण म्हणून कानाला छोटा काप होता. लस टोचली होती. बाकी तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं.

बायको म्हणाली, "हीच." का ते तिलाही सांगता आलं नाही.

मग फॉर्म. नाव, पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसभर घरी कोण असतं, सगळ्यांची संमती आहे का? (बाबांची नव्हती. "माणसांना पाय ठेवायला जागा नाही, आणि कुत्रं!" मी "आहे" असं लिहिलं.) आणि नववा प्रश्न : "घर बदलावं लागलं तर या प्राण्याचं काय कराल?"

त्यापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय : "जिथे आम्ही, तिथे ती."

काय वाक्य आहे बघा. परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत लिहितात तसं.

घरी आल्यावर पहिले तीन आठवडे पोळी दाराकडे तोंड करून झोपली. म्हणजे झोपायची कमी, बघायचीच जास्त. लिफ्टचा आवाज आला की कान उभे. खायची, फिरायला यायची, लेकीने शेपटी ओढली तरी गुरगुरायची नाही, पण मन दारात. मग एका रात्री पाणी प्यायला उठलो तर बाबांच्या पलंगाखाली ती दाराकडे पाठ करून, चारी पाय ताणून घोरत होती. मी बायकोला उठवून दाखवलं. त्या रात्री आम्हाला ती आमची झाल्यासारखं वाटलं.

आणि तीही कुणाच्या पलंगाखाली, तर बाबांच्या! विरोधी पक्षनेते पंधरा दिवसांत फुटले होते. सकाळी सहाला दोघं फिरायला बाहेर. बाबांच्या कांदेपोह्यांतला वाटा तिला मिळू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, कांदा कुत्र्यांना विषासारखा, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. झालं! दुसऱ्या दिवसापासून आई आधी पोळीचे बिनकांद्याचे पोहे बाजूला काढायची आणि मग आमच्यात कांदा पडायचा.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत गेली नाही. गाडी. रिक्षात टुणकन उडी मारून बसायची, पण कारचं दार उघडलं की चारी पाय जमिनीत रोवायची आणि थरथर कापायची. उचलून आत ठेवलं तर आवाज न करता लघवी व्हायची. दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिला काय आठवत होतं ते सांगायला नकोच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो लिहायला पंधरा दिवस टाळाटाळ केली आहे.

२०१६ साली आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची होती. बिल्डर भाडं देणार होता, त्यामुळे आम्ही निवांत होतो. मग घरं बघायला लागलो. सहा जणांचं कुटुंब म्हटल्यावर एजंट खूश व्हायचा, आणि मी "सहावी कुत्री" म्हटलं की फोनवर शांतता. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं होतं की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. ते पत्रक मी छापून खिशात ठेवलं होतं. पण घरमालकच "विचार करून सांगतो" म्हणाला तर पत्रक कुणाला दाखवणार? चौदा घरं बघितली. चौदा जणांनी विचार केला. घर रिकामं करायला नऊ दिवस उरले.

आणि मी शेल्टरला फोन केला.

ऑफिसच्या जिन्यात उभं राहून केला. घरात कुणालाही हे माहीत नाही. बायकोलासुद्धा नाही. ती हे तुमच्यासारखंच आत्ता वाचते आहे.

फोनवर एक बाई होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "आणा. आम्ही नाही म्हणत नाही. पण आठ वर्षांची आहे ना? मग तिला आता परत कुणी नेणार नाही, एवढं लक्षात ठेवून आणा."

आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "तुमची गाडी पाठवाल का? ती आमच्या गाडीत बसत नाही."

हे वाक्य माझंच. अजूनही कधीकधी रात्री आठवतं. त्या म्हणाल्या, "कळवा." मी "कळवतो" म्हणालो.

कळवावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी वारज्यात तळमजल्याचं घर मिळालं. मालकीणबाई एकट्या होत्या. त्यांची एकच अट होती, की कुत्री रात्री भुंकली पाहिजे. सगळ्यांना वाटलं, मी चिकाटीने शोधलं. आईने तर देवापुढे साखर ठेवली. मी पेढे आणले. पण खरं सांगू? घर मिळालं म्हणून मी सुटलो. नसतं मिळालं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला आजही छातीठोकपणे देता येत नाही. तिला गेटला बांधून गेलेल्या त्या माणसाला आम्ही किती वर्षं शिव्या घातल्या! त्याचेही नऊच दिवस उरले असतील कदाचित. त्याने निदान पट्टा नवा घेतला होता.

सामान हलवायच्या दिवशी रात्रीचे दहा वाजले. टेम्पो पुढे गेला होता. गाडीत आई, बायको, लेक, देवघर आणि कुकर. पोळी फूटपाथवर पाय रोवून उभी. त्या पावसात आणि त्या वेळी रिक्षा मिळेना. बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही चालत येतो."

बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मी वाद घातला, तर म्हणाले, "अरे, युधिष्ठिराने कुत्र्यासाठी इंद्राचा रथ नाकारला, मी तुझी मारुती नाकारतोय." निवृत्तीनंतर त्यांनी महाभारत दोनदा वाचलंय. महाप्रस्थानिक पर्वातला हा प्रसंग आपल्याला सगळ्यांना माहीत असतो. बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडून धर्मराज स्वर्गातसुद्धा जायला तयार होत नाही. पुढे ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघतो, वगैरे. पण मला नेहमी वाटतं, युधिष्ठिर "नाही" म्हणाला तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं. तेव्हा ते नुसतं कुत्रं होतं.

पाचेक किलोमीटर अंतर. दोघं सव्वाबाराला पोहोचले, चिंब भिजलेले. पोळी आत आली, घरभर हुंगून आली आणि दाराकडे तोंड करून बसली. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी अकरा दिवस. मला ते अकरा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. बाराव्या दिवशी तिने पाठ फिरवली. दाराकडे.

२०१९ मध्ये नव्या इमारतीत परत आलो. हळूहळू ती म्हातारी झाली, तोंड पांढरं पडलं. ऐकू येईनासं झालं, आणि २०२३ च्या दिवाळीत आयुष्यात पहिल्यांदा ती लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांत हॉलच्या मधोमध झोपली. एरवी ते चार दिवस बाथरूममध्ये काढायची. आम्ही हसलो. पण त्याच आठवड्यात तिने पोहे हुंगून सोडून दिले.

मूत्रपिंडं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नाही. तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रिपोर्टमध्ये क्रिएटिनीन फारसं वाढतच नाही, आणि कुत्री दुखणं दाखवत नाहीत. कातडीखाली सलाईन द्यायला त्यांनी शिकवलं. पडद्याच्या हुकाला बाटली टांगायची, बायको सुई धरायची, बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. असे तीन आठवडे निघाले. मग तिला उभं राहता येईना. डॉक्टर घरी आले. आम्हीच विनंती केली होती, तिला कुठेही न्यायला नको म्हणून. त्यांनी एक कागद पुढे केला, संमतीचा. "मालकाचं नाव" असा रकाना होता. मी पेन घेतलं आणि हात थांबला. बाबांनी पेन काढून घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं.

शेवटचा प्रवास मात्र गाडीतूनच झाला. मागच्या सीटवर बाबा, मांडीवर चादरीत पोळी. ती कापत नव्हती, हे मला आरशात सारखं दिसत होतं.

असो.

हे इथवर लिहून झाल्यावर वाटलं, आधी बाबांना दाखवावं. आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा. फोनबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "एक चूक आहे. पाच नाही, आठ तरी किलोमीटर झाले असतील."

"ते कसे?"

"दोनदा मागे फिरली ना ती. जुन्या घराच्या गेटपर्यंत. दोन्ही वेळा गेलो तिच्याबरोबर." मग चष्मा काढत म्हणाले, "म्हटलं, बघू दे तिला. आत कुणी राहिलेलं नाही, सगळे पुढे गेलेत. मगच आली."

मजकूर बदललेला नाही. दुरुस्ती इथे नोंदवतो : अंतर आठ किलोमीटर.