बोर्डावरचं नाव

फडमालक गेला की दहावा-तेरावा उरकायच्या आत एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो: आता बोर्डावर नाव कुणाचं? ट्रकच्या फाळक्यावर, स्टेजच्या पडद्यावर, जत्रेच्या पत्रिकेवर कुणाच्या नावानं उभं राहायचं हे ठरल्याशिवाय सुपारी मागायला तोंड उघडता येत नाही. आमचे नाना आषाढात गेले. पावसाळ्यात हंगामी फड बसलेलाच असतो. ढोलकी घोंगडीत गुंडाळून माळ्यावर जाते, आणि आम्ही पारनेरच्या आसपास वाटाणा तोडायला, मूग तोडायला रोजानं जातो. म्हणजे विचार करायला वेळ भरपूर होता. पैसा नव्हता, ती गोष्ट वेगळी.

मी ढोलकीवाला. नानांनी तालुक्यातल्या गावागावांतून माणसं गोळा करून फड उभा केला तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताला मी, माझ्या मागं हलगीवाला, समोर सरदार. नाना सोंगाड्या, मालक आणि कवनं लिहिणारे, तिन्ही एकटेच. अशा माणसाच्या माघारी एक जागा रिकामी होत नाही, तीन होतात.

बैठक बसली बाईंच्या ओसरीवर. बाई म्हणजे नानांच्या मालकीणबाई आणि फडाच्या गाणाऱ्या. सरदाराचं म्हणणं, नाव बाईंचं टाका, जिवंत माणसाच्या नावावर सुपारी येते. हलगीवाला म्हणाला, नानांचंच ठेवा, फक्त आधी ‘कै.’ लावा. मी म्हटलं, कैलासवासी सोंगाड्याला हसायला कोण येईल? त्यावर बाईंनाच हसू फुटलं. नाना गेल्यापासून पहिल्यांदा.

शेवटी बाईंनी कांताबाईंचं नाव काढलं आणि विषय मिटला. तमाशात हे कोडं आम्हाला पहिल्यांदा पडलेलं नाही. तुकाराम खेडकर 1964 साली गेले. त्यांच्या फडात त्यांच्या जोडीनं उभ्या राहिलेल्या कांताबाई सातारकर लेकरं घेऊन बाहेर पडल्या. काही वर्षं दुसऱ्यांच्या फडात पायात चाळ बांधले आणि 1969 मध्ये स्वतःचा फड काढला. त्या फडाचं नाव होतं ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर’. माणूस जाऊन पाच वर्षं झालेली, आणि बोर्डावर पहिलं नाव त्याचं. पुढं मुलगा रघुवीर उभा राहिला तेव्हा ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ झालं. हे सगळं आमच्याच जिल्ह्यात, संगमनेरला. विठाबाईंचंही तसंच. भाऊ आणि बापू या बाप-चुलत्यांच्या फडात त्या वाढल्या, आणि स्वतः एवढं नाव कमावल्यावरही लिहायच्या ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. बाप, जात, गाव, सगळं एका ओळीत, मोठ्या अक्षरात. आमच्या तालुक्यातली ढवळपुरी ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांनाही ते गाव चंद्रकांत ढवळपुरीकरांच्या बोर्डावरून ठाऊक आहे.

लोकांना वाटतं ही माया आहे. माया असतेच, पण नाव हे भांडवलही असतं. नारायणगावला चैत्राच्या तोंडाशी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जीपा करून येतात आणि बोर्ड वाचत फिरतात. गेल्या साली कुणी हसवलं, कुणी पहाटेपर्यंत माणूस हलू दिला नाही, ते त्यांच्या डोक्यात नावानं बसलेलं असतं. नाव पुसलं की त्या पंचांपुढं आपण कोरी पाटी. तेव्हा आम्ही नानांचं नाव ठेवलं आणि पुढं ‘सह’ घालून बाईंचं टाकलं. पेंटरनं अक्षरांचे पैसे मोजून घेतले, आणि आम्ही ते कोरठणच्या जत्रेनंतर चुकते केले.

माझा पुतण्या पुण्यात गिटार वाजवतो. चौघा पोरांचा बँड आहे, प्रकार पंक. तीन सुरांवर गाणं, मोठा आवाज, आणि सरकारपासून घरमालकापर्यंत सगळ्यांना शिव्या. ऐकायला फार माणसं येत नाहीत. ‘काका, तुमची बतावणी आणि आमचं पंक एकच,’ असं तो म्हणतो, आणि ते मला अगदीच चुकीचं वाटत नाही. त्यानं मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन नावाच्या बँडची गोष्ट सांगितली. त्यांचा गाणारा, इयान कर्टिस, मे 1980 मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी जिवाचं बरंवाईट करून गेला. आपल्यातला एक जरी कमी झाला तरी हे नाव वापरायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. उरलेल्या तिघांनी शब्द पाळला, न्यू ऑर्डर असं नवं नाव घेतलं आणि पुढं गाजले. पुतण्याला हे फार थोर वाटतं. मी म्हटलं, त्यांना ते परवडलं, कारण जुनं नाव तबकड्यांवर शाबूत होतं. कर्टिसचा आवाज त्या नावाखाली कुणीही कधीही ऐकू शकतो. नानांचं काय आहे? कुणाच्या मोबाइलमधल्या दोन हलत्या चित्रफिती, त्यातही निम्मा आवाज जनरेटरचा. आमच्याकडं नाव बोर्डावर राहिलं तरच राहतं, आणि बोर्डामागं माणसं उभी राहिली तरच बोर्ड राहतो.

नावाचं हे एवढंच. खरी अडचण स्टेजवर होती, आणि ती माझ्या हाताची होती.

बतावणीत ढोलकीवाल्याचं अर्धं काम न वाजवण्याचं असतं. गण झाला, गौळण झाली, मावशीनं कृष्णाला सतावून घेतलं, की सोंगाड्या आणि सरदार समोर येतात आणि मी दोन्ही तळवे कातड्यावर टेकवून बसतो. उजवीकडं शाई, डावीकडं आतून मसाला लावलेला धूम. टोला बसला की त्याच क्षणी थाप पडली पाहिजे. जरा आधी पडली तर शेवटचा शब्द मरतो. जरा उशिरा पडली तर हशा ओसरायला लागलेला असतो आणि थाप पोरकी वाजते. नाना शेवटच्या शब्दाआधी थांबायचे. डाव्या खांद्यावरचं उपरणं उजव्या खांद्यावर टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढंच. बघणाऱ्याला वाटायचं उपरणं सावरतायत, पण ते उपरणं माझ्यासाठी होतं. टोक खांद्याला लागलं की शब्द, शब्दावर थाप, थापेवर हशा. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं त्याबद्दल एकदाही बोललो नाही.

सोंगाड्या म्हणून नानांच्या बहिणीचा नातू घेतला. पोरगं हजरजबाबी, पण ऑर्केस्ट्रात निवेदन करून तयार झालेलं. ते सुरुवातीला नानांसारखंच उभं राहिलं. तेच उपरणं, तोच खर्ज, तेच थांबणं. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी नानांना ओळखलं, आणि ती हसली नाहीत, हळहळली. सोंगाड्याला बघून लोक हळहळायला लागले की ती बारी पडली असं समजावं. रात्री दीड वाजता गाडीत सामान भरताना बाईंनी पोराच्या खांद्यावरून उपरणं काढलं, घडी घातली आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं. ‘तू तुझ्या कपड्यात येत जा,’ म्हणाल्या. नानांचा गाजलेला वगही त्यांनी बंद केला. सरदार नाराज झाला. त्याचं त्या वगातलं काम मोठं होतं. पण बाईंचा निकाल बरोबर होता. जो वग एकाच माणसाच्या अंगच्या हिशोबानं बेतलेला आहे, तो दुसऱ्याला घालायला देऊ नये.

बतावणी मात्र कुणा एकाची नसते. तिचा सांगाडा जुना, सगळ्या फडांचा सामाईक. त्यात मांस भरायचं ते ज्यानं त्यानं आपल्या काळातलं. पोरगं पाण्याच्या टँकरवर बोलायला लागलं, कांद्याच्या भावावर, गावच्या वेशीवर लागलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. पण ते थांबतच नाही. मोटार उतारावर सोडावी तसं बोलतं. सरदार अजून सवयीनं नानांच्या थांब्याची वाट बघतो, आणि तेवढ्या फटीत हे पोरगं आणखी एक टोला हाणून मोकळं होतं. माझा हात रोज हुकायचा. मग मी त्याच्या तोंडाकडं बघणं सोडून दिलं आणि पायाकडं बघायला लागलो. शेवटचा शब्द टाकायच्या आधी त्याची उजवी टाच फळीवरून किंचित उचलते. त्याला स्वतःला ते ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही, आणि इथं छापून आलं तरी तो वाचेल असं वाटत नाही. सांगितलं तर तो टोल्याऐवजी टाच सांभाळत बसेल.

कोरठणला पौष पौर्णिमेला थंडी अशी असते की दव पडून हलगी ढिली होते. दर पाच-दहा मिनिटांनी हलगीवाला शेकोटीकडं पळतो. माझी ढोलकी आता नटबोल्टची आहे, पाना फिरवला की चढते, पण दवापुढं नटबोल्टचंही फार चालत नाही. त्या रात्री सलामीला हलगी आणि ढोलकी दोन्ही अर्धा सूर उतरलेल्या होत्या आणि बाईंनी पट्टी खाली घेऊन गण म्हटला. ऐकणाऱ्यांना कळलं नाही. नानांना कळलं असतं.

पैशाचं रडगाणं सगळेच फड गातात, म्हणून थोडक्यात. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, ती मालकानं व्याजानं काढलेली असते. 2020 आणि 2021 या दोन वर्षांचे चैत्र करोनामुळं जत्रेविना गेले आणि व्याज मात्र जत्रेला थांबलं नाही. त्याच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, कांताबाई गेल्या. पुढं जत्रा सुरू झाल्या तर निम्म्या गावांनी तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा नाहीतर डीजे ठरवलेला. आमचा तालुका मुंबईला पोट भरायला गेलेला. वर्गणी मुंबईकरांची, आणि त्यांच्या पोरांना सिनेमातली गाणी हवीत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पैसा त्यांचा आहे.

तरी काही गावं अजून जुनी रीत पाळतात. रात्री तमाशा, सकाळी देवळापुढं हजेरी, दुपारी कुस्त्यांचा हगामा. हजेरीला उन्हात, झोपमोड झालेल्या डोळ्यांनी बाई नानांची कवनं म्हणतात. शाहिरांच्या चालीप्रमाणं नानांनी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफलेलं आहे. पठ्ठे बापूराव 1945 साली गेले, पण कवनाच्या शेवटी ते अजून स्वतःचं नाव सांगतात, ते याच युक्तीनं. नानांच्या नावावर मी ‘धा’ देतो, नेहमी द्यायचो तिथंच. तेवढी एक जागा बदलावी लागलेली नाही.

फाल्गुनात पुन्हा सुपाऱ्या ठरतील. जत्रा कमिटीच्या पंचमंडळींना एक विनंती आहे. बिदागी कमी-जास्त करा, ते आपण बसून बोलू. पण गौळण संपली की मागून ‘गाणी लावा, गाणी लावा’ असा कालवा करणाऱ्या पोरांना अर्धा तास आवरून धरा आणि बतावणी पुरी होऊ द्या. आमचा सोंगाड्या नवा आहे. तो हसवतो की नाही, हे त्याला ऐकून ठरवा.